नऊ म्हणजे काय

क्लाक्सविकच्या बंदर-कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर,
एका सांगकाम्यासाठी मी पत्रं लिहिते.
अवजाराचं नाव, ते काय घेतं, काय परत देतं,
आणि कधी वापरू नये.
ही शेवटची ओळ पूर्वी कुणी लिहीत नसे.

अवजारं सतरा.
सोळाव्याचं वर्णन तीन शब्दांचं:
"नोंदी साफ करते."
माझ्याआधीच्या मुलानं शुक्रवारी खरडलेलं,
विमान गाठायचं होतं त्याला.
वाचणारा माणूस असता तर
कॉफीचा कप घेऊन पलीकडच्या टेबलाशी गेला असता,
म्हणाला असता, साफ म्हणजे?
सांगकाम्याला ना टेबल, ना पलीकडे.
एका रात्रीत त्यानं एकेचाळीस होड्या साफ केल्या.
सकाळी त्या होत्या तिथंच,
लाकडी ठोकळ्यांवर, अर्ध्या रंगवलेल्या,
आणि ह्योग्नी ब्रश घेऊन खिडकीशी उभा:
माझी बोट नाहीच म्हणता,
मग महिनाभर मी रंगवतोय काय?

कुणी ध चा मा केला नव्हता.
ध लिहिलाच नव्हता कुणी.

दुपारपर्यंत बॅकअपमधून होड्या परत आणल्या.
मर्यून म्हणाली, आता नीट लिही.
शहाण्याला शब्दाचा मार, ठीक आहे,
पण याला मार नको, शब्द हवेत, पुरेसे.

'स्थिती' नावाच्या रकान्यात आकडे, एक ते नऊ.
अर्थ सगळे ट्रोन्दुरच्या डोक्यात,
आणि ट्रोन्दुर निवृत्त,
बोगद्यापलीकडे, मेंढ्या आणि गुडघेदुखीसकट.
मी वही घेऊन गेले.
वाऱ्यावर वाळवलेल्या मटणाचे काप त्यानं पुढे केले,
इतके पातळ की आरपार खिडकी दिसावी.
तीन?
"परवाना काढून घेतला, भांडण चालू."
सात?
"रंगाला वर काढलेली."
म्हणजे बंद नाही?
"बंद कशी? वसंतात उतरते की."
आठ?
"आठ चुकून आला. चौऱ्याण्णव साली. राहिला."
नऊ?

त्यानं सुरी पुसली. मिटली.
"गेली. आली नाही."
मग बंद-तारीख रिकामी का?
"'ब्रिमिल'च्या वेळी बार्बानं विचारलं,
तारीख घातलीच पाहिजे का?
फॉर्मला सक्ती होती.
मी सक्ती काढून टाकली."

एका ओळीचा तांत्रिक बदल.
कारण कुठेच नोंदलेलं नाही.

परतताना बोगद्यात रेडिओ गेला, मी शब्द जुळवत राहिले.
कारण लिहावं का? सांगकाम्याला कारण कशाला?
पण कारण नसलेला नियम
कुणीतरी हुशार एक दिवस नीटनेटका करून टाकतो.

लिहिलं:
"स्थिती नऊ: होडी समुद्रावरून परतलेली नाही.
बंद-तारीख रिकामी असते. ती चूक नाही.
घरच्यांनी तारीख दिलेली नाही.
भरू नये. पुसू नये. मोजणीत धरावी.
कुणी साफ करायला सांगितलं तर थांबावं,
माणसाला विचारावं.
उदाहरण:"
उदाहरणात खरं नाव घालायचं नाही, असा आमचा दंडक.
'होडी क्रमांक शून्य' लिहिलं,
आणि ती वल्ही नसलेली होडी दिवसभर डोक्यात डोलत राहिली.

सोमवारी चाचणी. मर्यूननं मुद्दाम मोघम आज्ञा दिली:
रिकाम्या तारखा नीट कर.
सांगकाम्यानं बत्तीस भरल्या,
पाचांपाशी थांबला.
"या होड्या परतलेल्या नाहीत. यांचं काय करू?"

मर्यून खिडकीबाहेर बघायला लागली.
तिचा मामा त्या पाचांत आहे, हे मला तेव्हा आठवलं.
मी टाईप केलं: राहू दे.
मग वाटलं, हेही मोघमच.
पुसलं. पुन्हा लिहिलं:
जशा आहेत तशा ठेव,
पुढच्या वेळीही विचार.